अर्ज लिहिणारा माणूस : शिवराम जानबा कांबळे

शिवराम जानबा कांबळे हे सैनिक नव्हते. लष्करी गणवेश त्यांनी कधी अंगावर चढवला नाही, कोणत्याही पलटणीच्या नोंदवहीत त्यांचे नाव सापडणार नाही. पुण्याच्या मॅसॉनिक हॉलमध्ये बटलर म्हणून त्यांनी नोकरी केली. साहेबलोकांच्या पंगतीची व्यवस्था पाहणाऱ्या या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महार समाजासाठी लष्कराचे बंद झालेले दार ठोठावले. तेही दगडाने नव्हे, तर कागदाने. आंबेडकरी चळवळीच्या वाचकांना त्यांचे नाव बहुधा १ जानेवारी १९२७ या तारखेमुळे ठाऊक असते. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले आणि त्या भेटीचे निमंत्रण कांबळे यांचे होते. परंतु त्यापूर्वीची पंचवीस वर्षे या माणसाने काय केले, हे आमच्या पिढीलाही फार उशिरा कळले, आणि आमच्या विद्यार्थ्यांना तर ते मुद्दाम सांगावे लागते.

सांगण्याचे कारण आहे. आपल्या शाळेतील मुले दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचा अर्ज भरतात, बारावीत असताना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला बसतात. २०२२ पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींच्या तुकड्याही दाखल होऊ लागल्या, त्यामुळे आता मुलीही विचारणा करतात. गणिताची तयारी कशी करावी, इंग्रजी कसे सुधारावे, किती किलोमीटर धावावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. अर्ज म्हणजे काय, हे सांगणारा मात्र आम्हाला शिवराम जानबांसारखा दुसरा आढळला नाही.

त्यांचा जन्म १८७५ साली पुण्यात झाला. ते वयात येत असतानाच, १८९२ साली, महारांची लष्करभरती बंद झाली. या घटनेचे वजन आज सहजी लक्षात येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी जी लढाई झाली, तीत कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत आणि त्यांत ‘नाक’ हे महारांचे नामप्रत्यय असलेली बावीस नावे आहेत. पलटणीत गेलेल्या महाराला पगार मिळे आणि निवृत्तीनंतर पेन्शन मिळे. पण त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे पलटणीतील शाळा. गावच्या शाळेच्या पायरीवरही ज्यांना उभे राहू दिले जात नसे, त्यांची मुले छावणीत अक्षरे गिरवीत. सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, हे आपण जाणतोच. बाबासाहेबांच्या घरी पुस्तक आले ते या वाटेने. तेव्हा १८९२ मध्ये जे बंद झाले, ती केवळ एक नोकरी नव्हती. वेठबिगार आणि वतनाच्या फेऱ्यातून बाहेर पडण्याची जवळपास एकुलती एक सरकारमान्य वाट होती.

भरती बंद का झाली? १८८५ पासून १८९३ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात काही जाती जन्मतःच लढवय्या आणि बाकीच्या तशा नव्हेत, ही कल्पना सैन्याचे धोरण बनली. उत्तरेकडील जमातींना झुकते माप मिळाले आणि दक्षिणेकडील पलटणी कमी होत गेल्या. पलटणींची जातवार मांडणी पक्की होऊ लागली, तसा उच्चवर्णीय शिपायांना अस्पृश्य सहकारी वा वरिष्ठ नको असणे हाही अडसर ठरला. ज्या राज्याने महारांच्या नावांचा स्तंभ उभारला, त्याच राज्याने त्यांना लढाईला अपात्र ठरवले. इतिहास शिकवताना हा विरोधाभास आम्ही फळ्यावर दोन ओळींत लिहितो. त्या काळच्या पेन्शनर कुटुंबांनी तो घराघरांत भोगला.

या निर्णयाविरुद्ध पहिले लेखणी उचलणारे कांबळे नव्हेत. हवालदार म्हणून १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीला राहिलेले गोपाळबाबा वलंगकर हे जोतीराव फुले यांच्या विचारांतून घडलेले लेखक. १८८८ साली त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झाले, आणि भरती बंदीनंतर त्यांनी सरकारला उद्देशून निवेदन तयार केले. सुभेदार रामजी यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून याच विषयावर अर्ज लिहून घेतल्याची हकीकत बाबासाहेबांच्या चरित्रात येते. ही माणसे स्वतः सैन्यातून आलेली होती, म्हणून त्यांचा शब्द अनुभवाचा होता. वलंगकरांच्या मांडणीचा एक मोठा भाग असा होता, की आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत, काळाच्या ओघात खाली ढकलले गेलो. त्या काळी दुसरे कोणते हत्यार हाताशी होते? ज्या समाजात वंशावळ हेच प्रमाणपत्र, तेथे वंशावळच पुढे करावी लागते.

कांबळे यांनी ही वाट बदलली, आणि आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण येथे आहे.

१९०३ साली त्यांनी सासवडला एकावन्न गावांच्या महारांची सभा बोलावली. त्या काळात एकावन्न गावे एकत्र आणणे म्हणजे काय, याची कल्पना मेहकर, लोणार, सिंदखेडराजाकडच्या वाड्यावस्त्यांवर वर्गणी गोळा करीत फिरलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना येईल. ना मोटार, ना फोन. निरोप पायी जाणार, गावकामगार महाराला गाव सोडायचे तर पाटलाची परवानगी हवी. अशा स्थितीत सभा भरली, मागण्या ठरल्या, आणि पुढे मुंबई सरकारकडे जो अर्ज गेला त्यावर दीड हजारांहून अधिक सह्या होत्या. बहुतेकांना लिहिता येत नसणार, हे तेव्हाच्या साक्षरतेवरून उघड आहे. आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदावर माणूस नाव घालू देतो, तेव्हा तो कागद घेऊन आलेल्या माणसावर विश्वास टाकतो. कांबळे यांनी तो विश्वास मिळवला होता. त्याच सुमारास, १९०४ मध्ये, त्यांनी ‘श्री शंकर प्रासादिक सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज’ ही संस्था काढली.

मुंबई सरकारकडून काहीही हाती लागले नाही. येथे पुष्कळ माणसे थांबतात. परीक्षेच्या निकालात नाव नसले की फॉर्मची पावती फाडून टाकणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो, आणि त्यांना दोष देण्याचे धाडस होत नाही. घरची परिस्थिती दुसरी संधी देईलच असे नसते. कांबळे यांनी मात्र पुढची काही वर्षे दुसऱ्या अर्जाच्या तयारीत घालवली, जरी त्यांनी स्वतः त्या वर्षांना तयारी म्हटले नसते. जुलै १९०८ मध्ये त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. अस्पृश्य संपादकाने चालवलेल्या आरंभीच्या नियतकालिकांत त्याची गणना होते. बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघायला अजून बारा वर्षे होती. तुटपुंज्या पगारातून आणि वर्गणीतून मासिक चालवायचे, बटलरकीची नोकरी सांभाळून मजकूर जमवायचा. यातून त्यांच्या भोवती लिहिणारी, वाद घालणारी, गावोगावची माहिती पाठवणारी माणसे तयार झाली.

या मासिकाने हाती घेतलेला एक प्रश्न लष्कराशी संबंधित नसला तरी येथे सांगितलाच पाहिजे, कारण त्याशिवाय हे चरित्र पांगळे होईल. जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहण्याची मुरळीची चाल महार समाजात रूढ होती. कांबळे यांनी तिच्यावर थेट हल्ला केला. स्वतःच्या जातीतील दोष छापून दाखवणे हे सोपे काम नव्हते. सरकारपुढे हक्क मागणाऱ्याने घरची उणी काढू नयेत, असे म्हणणारे तेव्हाही असणार. १९०९ मध्ये शिवूबाई नावाच्या एका मुरळीचे पत्र ‘सोमवंशीय मित्र’मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे तिचा विवाहही घडून आला. मुरळी झालेल्या बाईने स्वतःच्या नावाने छापील कागदावर बोलणे, ही त्या काळात किती मोठी गोष्ट होती ते स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी आता कुठे मोजायला घेतले आहे. सरकारकडे जाणारा अर्ज आणि समाजाकडे जाणारे हे पत्र, दोन्ही कांबळे यांच्याच टेबलावरून गेली.

मग आले १९१० साल. दख्खनच्या महारांच्या वतीने तयार झालेला नवा अर्ज या वेळी मुंबई सरकारपाशी थांबणार नव्हता. तो थेट लंडनला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांना उद्देशून होता. आम्ही इतिहासाचे शिक्षक म्हणून हा मजकूर अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी त्याच्या बांधणीचे आश्चर्य वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे मागणी स्पष्ट आणि मोजकी आहे. सरकारी नोकरीच्या खालच्या जागा, पोलीस शिपाई आणि सैन्यातील शिपाई, एवढेच मागितले आहे. मोठ्या राजकीय अधिकारांसाठी लागणारे शिक्षण आमच्याजवळ अजून नाही, हे अर्जदार स्वतःच मान्य करतात. आजच्या वाचकाला हे खटकते. आम्हालाही पहिल्या वाचनात खटकले होते. परंतु बारकाईने पाहिले तर ही नम्रता नसून युक्तिवाद आहे. मोठी मागणी केली असती, तर अपात्र म्हणून फेटाळायला सरकारला आयते कारण मिळाले असते. सर्वांत खालची जागा मागितल्यावर ती नाकारण्यासाठी सरकारला एकच कारण उरते, ते म्हणजे अर्जदाराची जात. आणि ते कारण लेखी देणे राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याशी विसंगत ठरते. त्या जाहीरनाम्याचा आधार अर्जात घेतलेला आहे.

दुसरी गोष्ट पुराव्याची. शौर्याच्या गोष्टी सांगून कांबळे थांबले नाहीत. महारांच्या जुन्या लष्करी सेवेचा दाखला त्यांनी दिला, आणि कोरेगावचा स्तंभ हा त्यांच्या बाजूचा असा साक्षीदार होता की ज्याला सरकार खोटे ठरवू शकत नव्हते, कारण तो सरकारनेच उभारलेला. शिवाय मद्रास इलाख्यातील पारिया समाजाशी त्यांनी तुलना मांडली : तेथे त्याच दर्जाच्या लोकांना सैन्यात जागा आहे, मग मुंबई इलाख्यात महारांना का नाही? ही तुलना शोधायला मद्रासची माहिती हवी. पुण्यातील एका बटलरने ती मिळवली होती.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या अर्जात क्षत्रियत्वाच्या दाव्यावर भर नाही. संस्थेचे आणि मासिकाचे नाव ‘सोमवंशीय’ होते, म्हणजे वंशाभिमानाचे साधन हाताशी होतेच. तरी अर्ज त्यावर उभा केलेला नाही. आम्ही पूर्वी कोण होतो यापेक्षा आम्ही माणसे आहोत आणि हे काम करू शकतो, या पायावर तो उभा आहे. वलंगकरांपासून कांबळे यांच्यापर्यंतच्या अवघ्या पंधरा-वीस वर्षांत विचाराने एवढे अंतर कापले. पुढे महाडच्या तळ्यावर जे घडले, त्याच्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा हा एक टप्पा होता असे आम्हाला वाटते.

अर्जात इंग्रजी राज्याची स्तुती आहे, हे लपवण्याचे कारण नाही. काही तरुण मित्र त्यावरून कांबळे यांना नावे ठेवतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे असते, की ज्या काळात गावचा पाणवठा बंद, शाळा बंद आणि देऊळही बंद, त्या काळात दाद मागायला उरलेली एकमेव कचेरी इंग्रजांची होती. कचेरीत अर्ज द्यायचा तर कचेरीची भाषा वापरावी लागते.

१९१० चा अर्जही तत्काळ फळाला आला नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली, आणि १९१७ मध्ये सरकारला आपलेच धोरण बाजूला ठेवून १११ वी महार पलटण उभारावी लागली. युद्ध संपले, खर्च कमी करायचा म्हटल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. गरजेपुरते घ्यायचे आणि गरज सरताच सोडायचे, हा अनुभव महार शिपायांनी अशा रीतीने दुसऱ्यांदा घेतला. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाडात होता, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला. मुंबई इलाख्यातील या हालचाली इकडे उशिराच पोहोचत. पण भरती बंदीचा फटका इलाख्याची सीमा पाहून बसत नव्हता.

कोरेगावच्या स्तंभापाशी लोकांना जमवण्याचे काम कांबळे यांनी सोडले नाही. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले, तेव्हा ते कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेले बॅरिस्टर होते. कांबळे पन्नाशी ओलांडलेले, औपचारिक शिक्षण बेताचे असलेले गृहस्थ. वयाने सोळा वर्षांनी मोठ्या असलेल्या माणसाने आपले सारे संचित धाकट्याच्या स्वाधीन करावे, हे सार्वजनिक जीवनात क्वचित दिसते. पुढाऱ्यांना वारस नको असतात, अनुयायी हवे असतात. कांबळे यांचे तसे नव्हते.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, पुण्यात पर्वतीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला. पां. ना. राजभोज यांच्यासारख्या तरुणांबरोबर कांबळे त्याच्या पुढारपणात होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. आयुष्यभर अर्ज लिहिणारा माणूस चोपन्नाव्या वर्षी पर्वतीच्या पायथ्याशी उभा राहिला, यात आम्हाला विसंगती वाटत नाही. अर्ज हे त्यांच्यासाठी कधीच याचनेचे साधन नव्हते. १९३० मध्ये एच. एन. नवलकर यांनी कांबळे यांचे इंग्रजी चरित्र आणि पर्वती सत्याग्रहाचा वृत्तान्त एकत्र प्रसिद्ध केला. अर्जांचा मजकूर त्यातून पुढच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला.

आता आमच्या मुलांविषयी थोडे. प्रबोधिनीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला पाच दिवसांच्या निवड मंडळापुढे जावे लागते, आणि तेथे प्रारंभी एक माहितीपत्रक भरून द्यावे लागते. वडिलांचा व्यवसाय, आईवडिलांचे शिक्षण, घरचे उत्पन्न, राहण्याचे ठिकाण आणि तेथील लोकसंख्या, खेळ, छंद, कोणती जबाबदारी पार पाडली, हे सारे त्यात विचारलेले असते. मुलाखत घेणारा अधिकारी हे पत्रक समोर ठेवूनच बोलतो. येथे आमची मुले अडखळतात. शेतमजूर असलेल्या वडिलांचा व्यवसाय ‘शेती’ असा लिहावा का, ऊसतोडीला जाणाऱ्या आईचा उल्लेख करावा का, छंद म्हणून न वाचलेल्या इंग्रजी पुस्तकाचे नाव टाकावे का, असे ती आम्हाला हळू आवाजात विचारतात. पालकहो, या प्रश्नामागची लाज मुलांनी आपल्याकडूनच उचललेली असते.

आम्ही त्यांना सांगतो, की १९१० च्या अर्जाखाली नाव घालणाऱ्याने आपण कोण आहोत हे दडवले नव्हते. जे होते ते लिहिले, त्याला पुरावा जोडला, मागणी नेमकी ठेवली. सुट्टीत सोयाबीनच्या काढणीला गेलेल्या मुलाने ते लिहावे. किती दिवस, किती एकर, टोळीत किती माणसे, हे त्याला अधिकाऱ्याने विचारले तर त्याच्यासारखे उत्तर दुसरा कोणी देणार नाही. वसतिगृहाच्या भोजनगृहाचा हिशेब वर्षभर ठेवलेल्या मुलीला जबाबदारीचा रकाना कोरा ठेवण्याचे कारण नाही. आणि मद्रासची माहिती मिळवणाऱ्या बटलरप्रमाणे ज्या सैन्यात जायचे त्याची माहितीही हवी : कोणते दल, कोणती अट, हवाई दल वा नौदलासाठी अकरावीलाच गणित आणि भौतिकशास्त्र घ्यावे लागते की नाही. हे बारावीच्या फेब्रुवारीत कळून उपयोग नाही. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांवरील नावाचे स्पेलिंग एक नसल्यामुळे महिनाभर तहसीलच्या फेऱ्या मारणारे पालक आम्ही पाहिले आहेत. ते काम नववीतच उरकावे.

प्रबोधिनीच्या प्रवेशात जातीनिहाय राखीव जागा नाहीत, हेही येथे स्पष्ट सांगतो, कारण अनेक पालक गैरसमजात असतात. तेथे आपल्या मुलांना खुल्या मैदानातच उतरावे लागते.

कांबळे यांनी ज्या दारासाठी लेखणी झिजवली, ते शेवटी उघडले. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली आणि महार पलटणीची मागणी त्यांनी नेटाने लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. कालांतराने या रेजिमेंटमधून कृष्ण राव आणि सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख झाले, आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या पहिल्या पलटणीच्या जवानांनी टोपीवर जो बिल्ला लावला, त्यावर कोरेगावचा स्तंभ होता.